रिकाम्या जागा ठेवणारे सर

दहावीच्या सायन्सच्या पुस्तकातला दुसरा धडा आठवतोय? मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण. आधी डोबेरायनरची त्रिकं, मग न्यूलँड्सची अष्टकं आणि शेवटी मेंडेलीव्हची आवर्तसारणी. गुण लिहा, दोष लिहा, मार्क घ्या आणि पुढच्या धड्यावर जा. आर्ट्स-कॉमर्सला गेलेल्यांनी त्या तक्त्याला तिथंच रामराम ठोकला. सायन्सवाल्यांनी अकरावी-बारावीत कसलीतरी विचित्र वाक्यं जुळवून तो पाठ केला.

गंमत अशी, की विद्यार्थ्यांना सगळं सुटंसुटं पाठ करावं लागू नये, या धडपडीतूनच हा तक्ता जन्माला आला. लॅबमधल्या एखाद्या भन्नाट प्रयोगानं तो दिला नाही. एका सरांना टेक्स्टबुक लिहायचं होतं. पोर्शन प्रचंड होता, पानं संपत आली होती आणि कुठल्या टॉपिकनंतर कुठला घ्यायचा हेच ठरत नव्हतं. त्या अडचणीतून तो आला. पुढं याच सरांनी विद्यार्थ्यांच्या एका अर्जापायी आपली प्रोफेसरकीही सोडली. दिमित्री मेंडेलीव्हची ही गोष्ट पुस्तकातल्या चार मार्कांच्या उत्तरापेक्षा बरीच मोठी आहे.

आईची दोन हजार किलोमीटरची ॲडमिशन

दिमित्रीचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ चा, सायबेरियातल्या टोबोल्स्क गावचा. घरात भावंडांची रांग आणि हा शेंडेफळ. वडील इव्हान पावलोविच तिथल्या शाळेचे हेडमास्तर. पण दिमित्री जन्मला त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि पाठोपाठ नोकरीही. घर चालवायची जबाबदारी आई मारियावर आली. तिच्या माहेरच्यांचा जवळच्या अरेम्झ्यांका गावात काचेचा कारखाना होता. तो तिनं चालवायला घेतला. वाळूसारखी साधी वस्तू भट्टीत जाते आणि काच होऊन बाहेर येते, हे या पोरानं पुस्तकात वाचण्याआधी कारखान्यात पाहिलं.

१८४७ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी कारखाना आगीत जळाला. पंचावन्नी ओलांडलेल्या त्या बाईकडे आता ना नवरा होता, ना धंदा. होता तो एक हुशार मुलगा. लॅटिनमध्ये कच्चा, पण गणितात आणि फिजिक्समध्ये पक्का. १८४९ मध्ये ती त्याला घेऊन सुमारे २००० किलोमीटरवरच्या मॉस्कोला निघाली. रेल्वे तिकडे पोचलेली नव्हती, सगळा प्रवास घोडागाडीचा. मॉस्को विद्यापीठानं मात्र विभागाबाहेरचा विद्यार्थी म्हणून प्रवेश नाकारला. मारियानं हार मानली नाही. मुलाला घेऊन ती सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथं १८५० मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या मुख्य अध्यापन संस्थेत, म्हणजे वडील जिथं शिकले होते तिथंच, त्याला सरकारी खर्चानं प्रवेश मिळाला. ॲडमिशन झाली आणि त्याच वर्षी आई गेली.

पुढं १८८७ मध्ये आपला द्रावणांवरचा मोठा ग्रंथ त्यानं आईलाच अर्पण केला.

थोडक्यात, मेंडेलीव्हचं शिक्षण मास्तर होण्यासाठीचं होतं. १८५५ मध्ये गोल्ड मेडल घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा त्याला क्षयरोग झाल्याचा डॉक्टरांना संशय होता. उबदार हवा मिळावी म्हणून त्यानं दक्षिणेत क्रिमियातल्या सिम्फेरोपोलला शाळामास्तरची नोकरी घेतली. तिथं युद्ध चालू होतं आणि शाळा बंद. त्या काळातले नामांकित सर्जन पिरोगॉव्ह यांनी त्याला तपासलं आणि घाबरण्यासारखं काही नाही असं सांगून परत पाठवलं. मग काही काळ ओडेसाच्या शाळेत शिकवून तो पीटर्सबर्गला परतला.

पोर्शन संपेना

१८५९ मध्ये तो जर्मनीतल्या हायडेलबर्गला पुढच्या अभ्यासासाठी गेला. त्या काळी केमिस्ट्रीत सावळागोंधळ होता. कार्बनचा अणुभार कुणी ६ धरी, कुणी १२. ऑक्सिजनचा कुणी ८, कुणी १६. त्यामुळे पाण्यासारख्या पाण्याचा फॉर्म्युलाही पुस्तकागणिक बदलायचा. हा घोळ मिटवायला सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूह शहरात केमिस्ट मंडळींची परिषद भरली. इटलीच्या कॅनिझारोंनी अणुभार कसे ठरवावेत हे तिथं नीट मांडलं. श्रोत्यांत २६ वर्षांचा मेंडेलीव्ह होता. मोजपट्टी सगळ्यांची एकच असेल तरच वस्तूंची तुलना होते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

१८६७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात जनरल केमिस्ट्रीचं अध्यासन त्याच्याकडे आलं. (इथून पुढं त्यांना अहो-जाहो करायला हवं, कारण ते आता जनरल केमिस्ट्रीचे प्रोफेसर झाले.) वर्गात पोरं भरपूर होती, पण त्यांच्या हातात देता येईल असं नवं, चांगलं रशियन पुस्तक नव्हतं. मग सरांनी स्वतःच लिहायला घेतलं. पुस्तकाचं नाव रसायनशास्त्राची मूलतत्त्वं.

पहिला भाग त्यांनी मन लावून लिहिला. पाणी, हवा, मीठ अशा रोजच्या वस्तूंपासून सुरुवात करून हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि शेवटी फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही हॅलोजन मंडळी. पहिला भाग संपला तेव्हा सविस्तर ओळख झाली होती ती जेमतेम आठ मूलद्रव्यांची. आणि तोवर माहीत असलेली मूलद्रव्यं होती ६३! उरलेली ५५ दुसऱ्या भागात बसवायची होती. परीक्षा तोंडावर आणि निम्म्याहून जास्त पोर्शन बाकी, ही अवस्था आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

एकेका मूलद्रव्याची वेगळी माहिती द्यायची तर पानं पुरणार नाहीत. शिवाय विद्यार्थी काय करणार? ५५ नावं, ५५ रंग, ५५ वास घोकत बसणार. म्हणजे त्यांना कुटुंबं करूनच शिकवायला हवं. एका कुटुंबातलं एक नीट समजलं की बाकीच्यांचा अंदाज येतो. सोडियम, पोटॅशियम ही अल्क धातूंची मंडळी हॅलोजनसारखीच एका कुटुंबातली, म्हणून दुसऱ्या भागाची सुरुवात त्यांच्यापासून झाली. पण त्यांच्यानंतर कोण? आणि का?

चीजच्या पत्रामागची आकडेमोड

रशियाच्या जुन्या कॅलेंडरनुसार तारीख होती १७ फेब्रुवारी १८६९, आपल्या कॅलेंडरनुसार १ मार्च. सर त्या दिवशी चीज बनवणाऱ्या डेअऱ्यांची पाहणी करायला जाणार होते. त्यासंबंधी आलेल्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच त्यांनी आकडे मांडायला सुरुवात केली. हॅलोजन एका ओळीत: फ्लोरिन १९, क्लोरिन ३५.५, ब्रोमिन ८०, आयोडिन १२७. त्यांच्याखाली अल्क धातू: सोडियम २३, पोटॅशियम ३९, रुबिडियम ८५.४, सिझियम १३३. आता उभं वाचून बघा. १९ खाली २३, ३५.५ खाली ३९, ८० खाली ८५.४, १२७ खाली १३३. दरवेळी थोडंसंच अंतर. स्वभावानं अगदी उलट असलेली दोन कुटुंबं अणुभाराच्या हिशेबात मात्र शेजारी शेजारी राहत होती. मग तिसरं कुटुंब, कॅल्शियम ४०, स्ट्रॉन्शियम ८७.६, बेरियम १३७. तेही बरोबर खाली बसलं.

म्हणजे सगळी मूलद्रव्यं अणुभारानुसार ओळीनं लावली की ठरावीक अंतरानं तेच गुणधर्म पुन्हा पुन्हा येतात. पुढं काय शिकवायचं, या प्रश्नातून निसर्गाचा एक नियमच हाती लागला होता.

हा तक्ता त्यांना स्वप्नात दिसला, अशी एक गोष्ट खूप फिरते. त्या दिवसांतले त्यांचे कागद आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांवर आकडे आहेत, काटाकाट आहे, बाण आहेत, पुन्हा काटाकाट आहे. स्वप्नात दिसलेल्या गोष्टीत एवढी खाडाखोड नसते.

त्याच मार्चमध्ये रशियन केमिकल सोसायटीत हे काम वाचून दाखवलं गेलं. सर तेव्हा गावात नव्हते, त्यांच्या वतीनं सहकारी मेन्शुत्किन यांनी पेपर वाचला.

क ख ग घ ङ

हा तक्ता समजायला अवघड वाटत असेल तर पहिलीची पाटी आठवा. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. आपली वर्णमालाही तक्ताच आहे. आडव्या ओळीत तोंडातली एकच जागा. त थ द ध न म्हणताना जीभ दातांना लागते, प फ ब भ म म्हणताना ओठ मिटतात. उभ्या रकान्यात उच्चाराची एकच पद्धत. क च ट त प एका जातीचे, ग ज ड द ब दुसऱ्या. आता समजा, कुणी द हे अक्षर पुसून टाकलं. तरी आजूबाजूचं बघून आपण सांगू शकतो, की इथं एक वर्ण आहे, तो दातांजवळ उच्चारला जातो आणि ग, ज, ड, ब यांच्यासारखा घुमतो. अक्षर न बघता त्याचा आवाज सांगता आला!

मेंडेलीव्ह सरांनी नेमकं हेच केलं. तक्ता लावताना काही ठिकाणी गुणधर्म जुळेनात. पुढचं मूलद्रव्य ओढूनताणून त्या घरात बसवणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. ती घरं त्यांनी रिकामी ठेवली आणि प्रश्नचिन्ह टाकलं. १८७१ मध्ये तर त्यांनी तीन रिकाम्या घरांची पूर्ण कुंडलीच मांडली. अणुभार किती असेल, घनता किती, ऑक्सिजनशी संयुग कसं होईल, सगळं. नावं ठेवली एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन. यातला एका म्हणजे आपला संस्कृतातला एक. ॲल्युमिनियमच्या पुढचं एक घर ते एका-ॲल्युमिनियम, असा हिशेब. पाणिनीची अष्टाध्यायी युरोपात छापणारे संस्कृत पंडित ओटो ब्योटलिंक बरीच वर्षं पीटर्सबर्गला होते. त्यामुळे सरांनी संस्कृत शब्द घेण्यामागं आपल्या वर्णमालेच्या मांडणीबद्दलचा आदर असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

लॅबमधल्या माणसाची चूक, टेबलावरून

न बघितलेल्या मूलद्रव्याचं वर्णन करणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? इंग्लंडमध्ये न्यूलँड्सनी त्याआधी दर आठव्या मूलद्रव्याला गुण परत येतात असं मांडलं होतं, तेव्हा भर सभेत त्यांना विचारलं गेलं होतं, की मूलद्रव्यं नावाच्या अक्षरांनुसार लावून पाहिलीत का. जर्मनीत लोथार मायरही टेक्स्टबुक लिहिता लिहिताच अशाच तक्त्यापर्यंत पोचले होते. मग मेंडेलीव्ह वेगळे कशामुळे ठरले? त्यांनी आपल्या तक्त्यावर पैज लावली.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबॉद्रां यांना गॅलियम सापडलं. मेंडेलीव्ह सरांनी वर्णन वाचलं आणि ओळखलं, हे तर आपलं एका-ॲल्युमिनियम. फक्त एक गोष्ट खटकत होती. फ्रेंच शास्त्रज्ञानं घनता ४.७ मोजली होती. सरांच्या हिशेबानं ती ५.९ च्या आसपास हवी होती. त्यांनी तसं कळवलं. विचार करा, ज्याच्या हातात तो धातू आहे त्याला, ज्यानं तो डोळ्यांनीही पाहिला नाही तो माणूस सांगतोय, की तुमचं मोजमाप चुकलं. नमुना आणखी शुद्ध करून पुन्हा मोजलं. उत्तर आलं ५.९.

हा धातू लवकर वितळेल, असंही सरांनी म्हटलं होतं. गॅलियम साधारण ३० अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात ते टेबलावरच पाणी होईल.

१८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सन यांना स्कँडियम मिळालं, ते एका-बोरॉन. १८८६ मध्ये जर्मनीत विंकलर यांनी जर्मेनियम शोधलं, ते एका-सिलिकॉन. अंदाज होता अणुभार ७२ आणि घनता ५.५. विंकलर यांना मिळाली ७२.३ आणि ५.४७. युरेनियमचा तेव्हा चालू असलेला १२० हा अणुभार तर सरांनी थेट दुप्पट करून २४० धरला. आज तो २३८ मानतात.

त्यांचं सगळंच बरोबर आलं असं नाही. त्यांच्या काही भाकितांची मूलद्रव्यं कधीच सापडली नाहीत. टेल्युरियम आयोडिनपेक्षा जड असूनही त्यांनी ते आयोडिनच्या आधी ठेवलं. जागा बरोबर होती, पण टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेलाय हे त्यांनी दिलेलं कारण चूक निघालं. खरं कारण १९१३ मध्ये मोझली यांनी दाखवलं: क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा असतो. १८९४ मध्ये अरगॉन सापडला तेव्हा तक्त्यात त्याला जागाच नव्हती. तो नवीन मूलद्रव्य आहे हे मानायला सर बराच काळ तयार नव्हते, नायट्रोजनचाच एखादा प्रकार असेल असं त्यांना वाटायचं. मग हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन अशी मंडळी येत गेली आणि अख्खा नवा रकाना जोडावा लागला. तक्ता मोडला मात्र नाही. तो रुंद झाला.

विद्यार्थ्यांचा अर्ज

सरांचं नाव आता युरोपभर झालं होतं. तरी १८८० मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीनं त्यांना सदस्यत्व नाकारलं. विद्यापीठाची दारं मुलींना बंद होती, तेव्हा पीटर्सबर्गला मुलींसाठी सुरू झालेल्या बेस्तुझेव्ह कोर्सेसमध्येही ते शिकवत. १८८७ च्या सूर्यग्रहणात बलूनमधून निरीक्षण करायचं ठरलं होतं. पावसानं भिजलेला बलून दोघांना घेऊन उडेना, तर बलून चालवणाऱ्याला खाली उतरवून ५३ वर्षांचे सर एकटेच वर गेले आणि सुखरूप उतरले. स्वभाव हा असा होता.

मार्च १८९० मध्ये विद्यापीठात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. १८८४ च्या विद्यापीठ कायद्यानं आणलेली बंधनं त्यांना नको होती. पोरं आणि पोलीस समोरासमोर येण्याची वेळ आली. मेंडेलीव्ह सर मध्ये पडले. शांतपणे पांगा, तुमचा अर्ज मी स्वतः शिक्षणमंत्र्यांकडे पोचवतो, असा शब्द त्यांनी दिला आणि पाळलाही. मंत्री देल्यानॉव्ह यांनी अर्ज न वाचताच परत पाठवला. सरकारी सेवेतल्या माणसाला असे कागद स्वीकारण्याचा अधिकारच नाही, असा शेरा त्यासोबत होता. सरांनी राजीनामा दिला. २३ वर्षं शिकवलेल्या वर्गातून ते बाहेर पडले.

नंतर ते देशाच्या वजनमापं खात्याचे प्रमुख झाले, तिथंही मोठं काम केलं. पुस्तकाचं काम त्यांनी सोडलं नाही. मूलतत्त्वं या पुस्तकाच्या त्यांच्या हयातीत आठ आवृत्त्या निघाल्या, शेवटची १९०६ मध्ये. त्याच वर्षी नोबेलसाठी समितीनं त्यांचं नाव सुचवलं होतं, पण पारितोषिक फ्रान्सच्या म्वासाँ यांना गेलं. पुढच्या वर्षी मेंडेलीव्ह यांना ते मिळण्याची वेळच आली नाही. २ फेब्रुवारी १९०७ रोजी, ७३ वा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, ते गेले. अंत्ययात्रेत विद्यार्थी आवर्तसारणीचा मोठा तक्ता हातात धरून चालले होते, असं सांगतात.

१९५५ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी १०१ वं मूलद्रव्य तयार केलं. अमेरिका आणि रशिया तेव्हा एकमेकांच्या जिवावर उठले होते. तरी अमेरिकनांनी त्याचं नाव ठेवलं मेंडेलीव्हियम.

आता तुमची शिकवणी

आपल्यातले कितीतरी जण पॉकेटमनीसाठी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेतात. द्रव्याचं वर्गीकरण हा टॉपिक आला, की आपणही व्याख्या लिहून देतो आणि पाठ करून ये म्हणतो. एकदा मेंडेलीव्ह सरांची पद्धत करून बघा. स्वयंपाकघरातून दहा वस्तू आणायला सांगा. तांब्याची तार, साखर, दूध, पितळी वाटी, खायचा सोडा, ॲल्युमिनियम फॉइल, पाणी, हळद, शाई, मध. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण असे तीन गट करू द्या. त्यांना का, ते विचारा. पितळेवरून भांडण होईल, होऊ द्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, हे भांडणानंतर जास्त लक्षात राहतं.

आणि चौथा एक चौकोन रिकामा आखा. नक्की माहीत नसलेल्या वस्तू त्यात. मुलं उत्तर चुकायला घाबरतात आणि मग जी वस्तू कुठंच बसत नाही ती कुठंतरी कोंबून मोकळी होतात. मेंडेलीव्ह सरांचं मोठेपण त्यांनी भरलेल्या घरांइतकंच त्यांनी न भरलेल्या घरांत होतं. आज तक्त्यात ११८ मूलद्रव्यं आहेत आणि सातवी ओळ पूर्ण भरलेली आहे. आठव्या ओळीची घरं अजून रिकामी आहेत. त्यांच्यासाठी लॅबमध्ये शोध चालू आहे. तुमच्या शिकवणीतली एखादी आठवीतली मुलगी उद्या त्यातलं एखादं भरेलही. पण त्यासाठी रिकामी जागा ठेवायला चालतं, हे तिला आज कुणीतरी सांगायला हवं.